उद्यानातलं पिंगळ्याचं कुटुंब: जानेवारी ते जुलै

पुण्यातल्या महापालिकेच्या एका उद्यानात यंदा पिंगळ्याच्या, म्हणजे एका छोट्या घुबडाच्या, जोडीने तीन पिल्लं वाढवली. पहिल्या हाकेपासून पिल्लं स्वतः किडे पकडू लागेपर्यंतच्या नोंदी इथे देत आहे. आपल्या घराजवळच्या बागेत कुणाला अशी जोडी दिसली, तर काय बघायचं, कुठे बसायचं आणि कुठल्या कार्यालयात जायचं हे कळावं, एवढ्यासाठी. उद्यानाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. दिवाळीच्या अमावस्येला घुबडाचा बळी देणारे लोक अजून आहेत, त्यांना पक्षी पुरवणारेही आहेत, आणि ढोलीत बसलेला पिंगळा हात घालून पकडता येतो. म्हणून ठिकाण सांगायचं नाही, फोटोत ओळखता येईल असं बाक, पाटी किंवा फाटक येऊ द्यायचं नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकतानाही मी बागेऐवजी तालुक्याचंच नाव दिलं.

शहरात घुबडं तीन-चार प्रकारची दिसतात. जुन्या इमारतींच्या पोटमाळ्यांत गव्हाणी घुबड असतं, टेकड्यांवरच्या खाणींत शृंगी घुबड. बागेत, रस्त्याकडेच्या झाडात, पत्र्याच्या सांदीत राहतो तो पिंगळा. लांबी साधारण २१ सेंटिमीटर, म्हणजे साळुंकीहून थोडा आखूड, पण डोकं मोठं आणि गोल. कानांची शिंगं नाहीत, डोळे पिवळे, भुवया पांढऱ्या, डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके. रानपिंगळा हा त्याचा दुर्मीळ भाऊबंद. तो नामशेष झाला असं मानलं जात होतं आणि १९९७ साली नंदुरबारमधल्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याच्या डोक्यावर ठळक ठिपके नसतात आणि तो शहरात येत नाही, त्यामुळे बागेत गोंधळ होण्याचं कारण नाही.

शोध संक्रांतीनंतर सुरू झाला. पिंगळे वर्षभर एकाच परिसरात राहतात, पण जानेवारीत त्यांची बडबड वाढते. सूर्यास्तानंतरचा पहिला अर्धा तास आणि पहाटे उजाडण्याआधीचा अर्धा तास, या दोन वेळांना ‘चिरर्र चिरर्र, चिवक चिवक’ असा कर्कश कल्ला होतो. एकाने सुरू केलं की दुसरा त्यात आवाज मिसळतो. पुण्यात जानेवारीच्या मध्याला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, मेच्या मध्याला सातला. संध्याकाळी आठपर्यंत उघडी असणारी बाग या कामाला पुरते. पहाटेचा कल्ला मात्र कुंपणाबाहेरून ऐकावा लागला.

आवाजाने भाग कळतो, झाड कळत नाही. झाड दाखवतात ते दुसरे पक्षी. दिवसा कोतवाल, बुलबुल, साळुंक्या आणि खारी एकाच फांदीकडे तोंड करून ओरडत असतील, तर तिथे साप, मांजर, शिक्रा किंवा पिंगळा असतो. त्यानंतर बुंधा बघायचा. विश्रांतीच्या जागेखाली चुन्यासारखे पांढरे ओघळ असतात आणि मुळाशी न पचलेल्या भागांच्या छोट्या गोळ्या पडलेल्या असतात. पक्षीनिरीक्षक त्यांना पेलेट म्हणतात. भुंगेऱ्यांच्या पंखांची चकचकीत कवचं, उंदराचे केस आणि हाडं त्यात सापडतात.

हे सगळं एका जुन्या गुलमोहराखाली मिळालं. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं. फांदी छाटली की त्या तोंडातून पाणी आणि बुरशी आत शिरते आणि काही वर्षांत ढोली तयार होते. या झाडाला जमिनीपासून अंदाजे साडेचार आणि सहा मीटरवर अशा दोन ढोल्या होत्या. वरच्या ढोलीतून कागद, चिंध्या आणि प्लॅस्टिक लोंबत होतं, म्हणजे ती साळुंकीची. पिंगळा ढोलीत सामान जवळजवळ नेतच नाही. खालच्या ढोलीची कड झिजून गुळगुळीत झाली होती, तोंडावर कोळिष्टक नव्हतं, आणि थंड सकाळी आठच्या सुमारास तिथे एक पक्षी डोळे मिटून ऊन खात बसायचा.

साहित्य फार लागत नाही. दुर्बीण ८×४० किंवा ८×४२ची घ्यावी. भिंगाचा व्यास (दुसरा आकडा) भागिले वर्धन (पहिला आकडा) केलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ८×४२ला ती सव्वापाच मिलिमीटर येते, खिशात मावणाऱ्या १०×२५ला फक्त अडीच. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी दुसऱ्या दुर्बिणीत अंधाराशिवाय काही दिसत नाही. बरी दुर्बीण दहा हजार रुपयांच्या आसपास मिळते, पण ओळखीच्या पक्षीनिरीक्षकाकडून पहिल्या हंगामापुरती उसनी घ्यायला हरकत नाही. वही, पेन्सिल आणि लाल जिलेटीन कागद लावलेली छोटी विजेरी, तीही फक्त वहीवर मारायला. ट्रायपॉड नेला नाही. तो दिसला की सुरक्षारक्षक चित्रीकरणाची परवानगी विचारतात आणि माणसं जमतात. माणसं जमणं हीच सगळ्यांत वाईट गोष्ट.

बसायची जागा झाडापासून १८ ते २० मीटरवर, ढोलीच्या समोर नव्हे तर थोडी तिरकी, आणि रोज तीच. पिंगळ्याला रोज त्याच वेळी त्याच बाकावर बसणारं माणूस लवकर सवयीचं होतं. झाडाखाली थांबून वर बघणारं माणूस मात्र होत नाही. तो अस्वस्थ झाला की अंग आवळून सडपातळ उभा राहतो, टक लावून बघतो, डोकं खाली-वर करतो. याहून महत्त्वाची खूण म्हणजे चोचीत भक्ष्य असूनही ढोलीत न जाता शेजारच्या फांदीवर बसून राहणं. असा दहा मिनिटं बसला की उठायचं आणि दहा पावलं मागे जायचं. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवायचा नाही. जोडीला तो हद्दीत घुसलेला परका पक्षी वाटतो आणि अंडी सोडूनही ती त्याच्या मागे लागते. फ्लॅश तर नाहीच.

आता कागदपत्रांचं. मला सर्वांत जास्त काळजी याचीच होती. पिंगळ्याची पिल्लं एप्रिल-मेमध्ये ढोलीत असतात आणि पालिकेची पावसाळ्यापूर्वीची छाटणीही नेमकी तेव्हाच होते. गुलमोहर त्या यादीत वर असतो, आणि त्याला कारण आहे. वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या खरोखरच पडतात. त्यामुळे ‘झाडाला हात लावू नका’ असा अर्ज टिकत नाही. धोक्याच्या फांद्या अंडी घालण्याआधी काढा आणि ढोलीचं खोड हंगाम संपेपर्यंत ठेवा, अशी नेमकी मागणी टिकते.

२७ जानेवारीला उद्यान विभागाकडे अर्ज दिला, प्रत वृक्ष अधिकाऱ्यांना आणि पुणे वन विभागाच्या उपवनसंरक्षकांना. साधा कागद चालला, शुल्क नव्हतं. खर्च झाला तो रंगीत फोटो आणि झेरॉक्सचा, ऐंशी रुपये. अर्जात झाडाची जात, फाटकापासूनची जागा, ढोलीची उंची आणि दिशा, पक्ष्याचा तारखेसह फोटो, कुठल्या दोन फांद्या चालण्याच्या मार्गावर आहेत त्याची खूण केलेला फोटो, आणि १ मार्च ते ३० जून हा काळ, एवढं दिलं. कायद्याचा आधार दोन ओळींत दिला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या कलम २मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही येतं. झाडांसाठी महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील वृक्षांचा १९७५चा अधिनियम आहे. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. पुढच्या प्रत्येक फोनला समोरून पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच येतो.

दोन आठवडे काही हललं नाही. मग आवक क्रमांक घेऊन गेल्यावर कळलं की अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला आहे. अशा वेळी तक्रार करण्यापेक्षा पाहणी कधी होईल ते विचारावं आणि आपण जागेवर हजर राहू असं सांगावं. १३ फेब्रुवारीला पाहणी झाली. निरीक्षकांना ढोली दाखवली, सुदैवाने पक्षी बाहेर बसला होता. त्यापेक्षा बोलका पुरावा नाही. १८ तारखेला चालण्याच्या मार्गावरच्या दोन फांद्या हातकरवतीने काढल्या. यंत्रकरवत नको ही विनंती तोंडीच केली होती, ती मान्य झाली. त्यानंतर दोन संध्याकाळी जोडी दिसली नाही, तिसऱ्या दिवशी परत आली. लेखी उत्तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिळालं: उर्वरित छाटणी जूनअखेरपर्यंत स्थगित. त्याची एक प्रत उद्यानातल्या माळीकाकांकडे दिली. छाटणीचं पथक येतं तेव्हा तिथे अर्जदार नसतो, माळी असतो. काकांना आधी या पक्ष्याची धास्ती होती. “दारात बोललं की घरातलं माणूस जातं म्हणतात हो,” असं ते म्हणाले होते. उंदरांची हाडं असलेल्या पेलेट त्यांच्या हातावर ठेवल्या आणि हा रोज बागेतले उंदीर नेतो हे दाखवलं. तेव्हापासून झाडाखाली कोण थांबलं याची खबर तेच देऊ लागले.

फेब्रुवारीत जोडी एकमेकांना खेटून बसलेली दिसते, मानेची पिसं चोचीने साफ करते. सूर्यास्तानंतर लगेच मीलन, आणि त्याआधी बऱ्याचदा नर काहीतरी आणून मादीला देतो. नर-मादी दिसायला सारखेच. कोण ढोलीत राहतं आणि कोण आणून देतं, यावरूनच ओळखायचं. याच दिवसांत साळुंक्या खालच्या ढोलीवरही हक्क सांगायला आल्या, पोपटांनीही डोकावून पाहिलं. पिंगळा तोंडाशी बसून राहिला आणि चोच वाजवत राहिला. यात आपण काही करायचं नाही.

४ मार्चपासून मादी संध्याकाळी दिसेनाशी झाली. इथे घाबरून चौकशी करणारे बरेच भेटतात, ‘एक मेला वाटतं’. ती अंड्यांवर बसलेली असते. अंडी सहसा तीन-चार असतात, पांढरी आणि बरीचशी गोल. पहिल्या अंड्यापासूनच बसायला सुरुवात होत असल्याने पिल्लं एकाच दिवशी निघत नाहीत आणि त्यांच्या आकारात फरक पडतो. उबवण्याचा काळ महिनाभराचा. काठीला मोबाइल बांधून ढोलीत डोकावण्याचा मोह याच काळात होतो. तो कायद्याच्या वर सांगितलेल्या व्याख्येत बसतो, आणि मादी एकदा उडाली की कावळ्याला ढोली कळते. मार्चमध्ये बघण्यासारखं फार नाही. अंधार पडल्यावर नर दोन-तीन वेळा येतो, भक्ष्य देतो, जातो. मादी पाच-सात मिनिटं बाहेर येऊन पंख ताणते. सूर्यास्ताची वेळ, नराची पहिली फेरी, मादी किती वेळ बाहेर होती, या तीन गोष्टी लिहिल्या तरी पुरतं.

रिकाम्या वाटणाऱ्या या महिन्यात एक काम उरकून घ्यावं. बागेला लागून असलेल्या सोसायटीत उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवायचं चाललं होतं. हे विष रक्त गोठू देत नाही आणि उंदीर मरायला काही दिवस घेतं. त्या दिवसांत तो सुस्त, उघड्यावर फिरतो आणि पिंगळ्याला सर्वांत आधी सापडतो. विष तसंच पुढे जातं. सचिवांना हे सांगून जूनपर्यंत वड्यांऐवजी पिंजरे लावायला सुचवलं. एक पिंजरा दोनशे-अडीचशे रुपयांना मिळतो. त्यांनी सहा घेतले. झाडाच्या शेंड्यात संक्रांतीचा नायलॉन मांजाही अडकला होता. राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर २०१७ सालीच बंदी घातली आहे, पण झाडावर अडकलेला मांजा वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो फांद्या काढतानाच काढून घेतला होता.

४ एप्रिलला फेऱ्यांची लय बदलली. सूर्यास्तानंतरच्या तासात दोन-तीनऐवजी सात, आणि महिन्याच्या मध्याला अकरा. कान दिला तर ढोलीतून बारीक, ओढल्यासारखी शिट्टी ऐकू येते. ती पिल्लांची. सुरुवातीला नर आणतो, मादी आत देते. दहा-बारा दिवसांनी दोघंही शिकारीला निघतात. आणलेलं काय ते बागेच्या दिव्याच्या उजेडात थोडंफार ओळखता येतं: नाकतोडे, भुंगेरे, पतंग, पाल, कधी सरडा, कधी उंदीर किंवा चिचुंद्री. उरलेलं पेलेट सांगते. हातमोजे आणि मास्क घालून ती कोमट पाण्यात तासभर भिजवायची, चिमट्याने सोडवायची. जबडा सापडला की पुढचे लांब दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा असेल तर उंदीर, टोकदार दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. पेलेट ढोलीच्या थेट खालून उचलायला संध्याकाळी जायचं नाही. दुपारच्या वेळेपुरती बाग बंद होते, त्याआधी जावं.

२४ एप्रिलला ढोलीच्या तोंडाशी पहिला चेहरा आला, २७ला तिन्ही. धाकटं बरंच लहान होतं. अन्न कमी पडलं तर असं शेवटचं पिल्लू जगत नाही. यंदा त्याला पुरलं, आणि त्याचं श्रेय दिव्यांखालच्या किड्यांना आणि न मारलेल्या उंदरांना आहे असं मला वाटतं. याच सुमारास गर्दीचा प्रश्न येतो. मोबाइलचे दिवे थेट ढोलीत मारले जातात. फिरायला येणाऱ्या मुलांना दुर्बीण देऊन बाकावरून दाखवलं की ती झाडाकडे धावत नाहीत, आणि मोठ्यांनाही तीच अडवतात. सुरक्षारक्षकाला विनंती करून झाडाभोवती आठ मीटरवर साधी सुतळी बांधून घेतली.

गुलमोहर फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ बोडका असतो, म्हणून ढोली स्वच्छ दिसते. मे उजाडता पालवी आणि फुलं आली आणि नेहमीच्या बाकावरून काही दिसेना. दुसरी जागा आधीच हेरून ठेवावी. ३ मे ते ८ मेच्या दरम्यान तिन्ही पिल्लं बाहेर पडली, सगळी एकदम नाही. आणि ५ मेच्या सकाळी एक जमिनीवर मिळालं.

हे जवळपास प्रत्येक घरट्याबाबत होतं, म्हणून नीट सांगते. पिल्लाला पिसं आलेली आहेत, डोळे उघडे आहेत, पंख लोंबत नाहीत, रक्त नाही, तर ते जखमी नाही. उडण्याच्या आधीची ही पायरी आहे. माणसाचा हात लागला की पालक टाकून देतात हा गैरसमज आहे. मऊ सुती कापड टाकून दोन्ही हातांत पंखांसकट धरायचं, नखांपासून सावध राहायचं, आणि त्याच किंवा लगतच्या झाडाच्या बेचक्यात ठेवायचं. माळीकाकांच्या शिडीवरून तीन मीटरवर ठेवलं. नखं आणि चोच वापरून ते स्वतःच वर सरकत गेलं. संध्याकाळपर्यंत दुरून कुत्री-मांजरं हाकलत राहायचं. अंधार पडल्यावर चाळीस मिनिटांनी मादीने त्याला भरवलं. पाव, दूध, चोचीत पाणी काहीही घालायचं नाही. पाणी श्वासनलिकेत जातं. रक्त असेल, पंख लोंबत असेल, मुंग्या लागल्या असतील किंवा मांजराने धरलेलं असेल, तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. मांजराच्या दाताची जखम दिसली नाही तरी फोन करायचाच, मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी दोन-तीन दिवसांत दगावतो. घरी पाळायला ठेवणं गुन्हा आहे.

बाहेर पडल्यावरही पिल्लं तीन-चार आठवडे पालकांवर अवलंबून असतात. दिवसा एका ओळीत गर्द पानांच्या झाडात बसतात, त्यामुळे पुन्हा शोध सुरू होतो, पुन्हा कोतवालांच्या ओरड्यावरून. वळवाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यांभोवती उठली तेव्हा पिल्लांना पहिल्यांदा स्वतः शिकार करताना पाहिलं. खांबावरून झेप, हवेत पकड, परत खांबावर. नेम निम्म्याहून जास्त वेळा चुकत होता. जूनच्या मध्यानंतर बागेत दोनच आवाज उरले.

स्थगिती ३० जूनला संपली. १० जुलैला पुन्हा पाहणी झाली, शेंड्याचा वाळलेला भाग उतरवला आणि ढोलीसह पाच मीटरचं खोड ठेवायचं ठरलं. ते आणखी किती पावसाळे उभं राहील सांगता येत नाही, म्हणून शेजारच्या झाडावर निरीक्षकांच्या लेखी संमतीने लाकडी पेटी बसवली. तळ २० × २० सेंटिमीटर, उंची ४०, भोक आठ सेंटिमीटर आणि तळापासून निदान २५ वर, आत दोन इंच भुसा, तळाला निचऱ्याची चार भोकं. खिळा न मारता काथ्याच्या दोराने बांधली. सुताराने लाकडासकट नऊशे रुपये घेतले. सध्या तिच्यात साळुंकीने कागद भरायला सुरुवात केली आहे. तिचा हंगाम उरकला की ऑक्टोबरात पेटी रिकामी करून नवा भुसा घालायचा आहे, आणि छाटणी स्थगितीचा पुढचा अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा आहे.